निम्मी बातमी

माझ्या सासरी वाईट बातमी कधी पुरती सांगत नाहीत. निम्मी सांगतात. उरलेली निम्मी ऐकणाऱ्याने आपल्या मनाने घालून घ्यायची. लग्न होऊन आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तेही निम्मंच सांगितलं असतं.

नवऱ्याची आजी गेली तेव्हा निरोप होता, 'आजी जरा थकल्यात, येऊन जा.' काकांचं ऑफिसातच सगळं आटोपलं, पण घरी फोन आला तो 'काकांना आयसीयूत ठेवलंय' असा. समजायचं ते सगळे समजले. कधी उलटंही व्हायचं. एका चुलत दिराचा खरोखरच पाय मोडला आणि त्याच्या ऑफिसातल्या कुणा नवख्या माणसाने 'पाय मोडलाय' असं जसंच्या तसं सांगून टाकलं. झालं, सगळं घर डोळे सुजवून दवाखान्यात हजर. हा पठ्ठ्या पाय वर टांगून सफरचंद खात बसलेला. तो किस्सा आमच्याकडे अजून हसून हसून सांगतात. मीही हसायचे. त्यातून काही शिकावं हे मात्र मला सुचलं नाही.

मी टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. गाडी कुठे आहे, पोचायला किती वेळ लागेल, एवढंच बोलायचं. बंद पडली तर बंद पडली म्हणायचं. 'येतेच आहे' म्हणणाऱ्या ड्रायव्हरला मी सरळ झापते. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, मला नावाने हाक मारतच नसत. 'कंट्रोल, चहाची गाडी कुठवर आली?' असं चालायचं. ते स्वतः जन्मभर लिफ्टदुरुस्तीचं काम करत होते. मधेच अडकलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या लोकांना बाहेरून 'झालंच हं, दोन मिनिटं' असं सांगत निवांत तासभर पाना-पक्कड चालवायची त्यांची सवय. निम्म्या बातमीचा कारखाना तोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या आठवड्यात अण्णा माझ्याकडे होते. माझा नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्या थोरल्या नणंदेकडे, दोन-अडीच तासांवरच्या गावी. अण्णांना खोकला झाला, खोकल्याचा ताप झाला आणि तापाचा न्यूमोनिया. मी त्यांना दवाखान्यात घातलं, तेव्हा स्ट्रेचरवरून त्यांनी मला बजावलं, "तिला सांगू नकोस. जरा खोकला आहे म्हणावं." ताईंना, म्हणजे नणंदेला, अॅडमिट केल्याचं ठाऊक होतं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मात्र अण्णांना खोकला आहे आणि त्यांचा फोन बिघडलाय, एवढंच.

चौथ्या सकाळी डॉक्टरबाईंनी मला आयसीयूच्या बाहेर गाठलं. बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"दोन्ही फुप्फुसं भरलीत," त्या म्हणाल्या. "मास्कवर आता फार वेळ निभणार नाही. दुपारपर्यंत घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. त्यासाठी त्यांना औषधाने झोपवावं लागतं. त्यातून ते उठतीलच असं मी सांगू शकत नाही. ज्यांना त्यांच्याशी बोलायचंय त्यांना त्याआधी बोलवा."

बाई मला आवडली. एवढं वाईट सांगितलं, पण पुरतं सांगितलं.

आत गेले तर अण्णा उशांना टेकून बसवलेले. तोंडावर घट्ट मास्क, खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. जिना चढून आलेल्या माणसासारखे ते धापा टाकत होते आणि जिना काही संपत नव्हता. मला पाहून त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. मी कान मास्कला लावला.

"तिला आण," ते म्हणाले.

खोकला आहे म्हणावं, असं सांगणारा माणूस आता तिला आण म्हणत होता. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. दुपार व्हायच्या आत आईंना या पलंगापाशी आणायचं, बाकी जगात मला काही काम उरलं नव्हतं.

बाहेर येऊन लॉकरमधून फोन काढला आणि ताईंना लावला. कंट्रोलमध्ये बोलते तसंच बोलले. अण्णा सिरियस आहेत, दुपारपर्यंत व्हेंटिलेटरवर घेणार आहेत, ते शुद्धीवर आहेत आणि आईंना बोलावतायत, लगेच निघा.

ताईंनी अगदी हळू विचारलं, "कधी?"

"दुपारपर्यंत म्हणाल्या डॉक्टर."

"ते नाही गं. कधी गेले?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी म्हटलं, "ताई, गेले नाहीत. आहेत. आत्ता माझ्याशी बोलले."

"बरं, बरं," ताई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि माझी समजूत घालत होत्या. "तू एकटीने सगळं निभावलंस. मला सांभाळून सांगतेयस, कळतंय मला. आईचं माझ्यावर सोड. तिला काही कळू देत नाही."

मी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी जितकं जोर देऊन 'आहेत' म्हणावं तितकी त्यांची खात्री होत गेली की नाहीत. त्यांचं सगळं ठरलंही होतं. आईंना पोटभर जेवू घालायचं, रक्तदाबाची गोळी द्यायची, थोडं झोपू द्यायचं, त्यांच्या डॉक्टरांना घरी बोलावून ठेवायचं, मग हळूहळू सांगायचं आणि संध्याकाळी निघायचं. गेल्या वर्षी आईंच्या छातीत दुखलं होतं, ते ताई विसरल्या नव्हत्या. गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत थांबू शकतो. असलेला थांबू शकत नव्हता, आणि तो आहे हेच मला पटवता येत नव्हतं.

"घाईने आता काय होणार आहे?" ताई म्हणाल्या. "आणि हे बघ, आईला तू परस्पर फोन करू नकोस. तिला काही झालं तर मी तुला माफ करणार नाही."

फोटो काढून पाठवावा म्हटलं तर आत फोन न्यायला बंदी. आतून नर्स बाहेर आली, तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले. एकच वाक्य बोला, म्हटलं, पेशंट आहे एवढंच सांगा. ती बिचारी घड्याळ बघत फोनवर बोलली. "मॅडम, पेशंटची माहिती आम्हाला फोनवर देता येत नाही. नातेवाइकांनी प्रत्यक्ष यावं, डॉक्टर समोर बसवून सांगतील." नियमाला धरून बोलली. पण त्या एका वाक्याने तिने अण्णांना कायमचं पोचवलं. फोन परत कानाला लावला तर ताईंचा हुंदका फुटला होता.

मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. त्यातच नवऱ्याचा फोन आला. प्लॅटफॉर्मवरची लाइन खरखरते आणि आपला आवाज आपल्यालाच परत ऐकू येतो.

"ताईचा फोन आला होता," तो म्हणाला. "खरं सांग. मी सावरेन. इथे माझ्याजवळ माणसं आहेत."

मी भडकले. इतकी, की समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी पिशवी उचलली आणि त्या लांब जाऊन बसल्या. मी म्हटलं, जिवंत माणसाला मारायला तुमच्या घराला काठी लागत नाही. सुतावरून स्वर्ग गाठता तो गाठता, वर बापाला तिथे आधीच पाठवून मोकळे होता. मी इतकी वर्षं तुझ्याशी कधी खोटं बोलले का, ते सांग.

तो म्हणाला, "नाही बोललीस. म्हणजे आहेत?"

"आहेत. दुपारपर्यंत बोलू शकतील."

त्याचा श्वास मला त्या खरखरीतही ऐकू आला. हेलिकॉप्टर उद्या सकाळी होतं, त्याआधी त्याला तिथून हलता येणार नव्हतं. तो रडला नाही, पण बोलताना अडखळत होता.

"तू ताईला नेमकं काय सांगितलंस?"

"जे आहे ते. सिरियस आहेत म्हटलं."

"तिथेच चुकलं," तो म्हणाला. "माणूस असेपर्यंत आमच्याकडे सिरियस म्हणत नाहीत गं."

लाइन तुटली. मी तशीच फोन धरून उभी राहिले. एवढं सोपं होतं आणि इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी पूर्ण माप ओतलं आणि त्यांनी सवयीने दुप्पट केलं. ताईंपाशी आता माझी पत संपली होती. उरल्या आई.

आईंना फोन करायला माझा हात धजेना. त्यांच्या छातीचं खोटं नव्हतं. त्या तिथे कोसळल्या असत्या तर इकडे एक आणि तिकडे एक, आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं, फुटायलाही हवं होतं. आयसीयूच्या दारातून एक वॉर्डबॉय लांबट ट्रे घेऊन आत गेला. त्यात नळ्या होत्या. मी आईंचा नंबर लावला.

"आई, जेवलात का?"

"बसतेच आहे. आज ताटात सगळं माझ्या आवडीचं आहे, कोण जाणे का," आई म्हणाल्या.

"अण्णा जरा कुरकुर करतायत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "इथला चहा त्यांना आवडत नाही."

अण्णांनी तीन दिवसांत पाण्याचा घोटही स्वतः घेतला नव्हता. पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. आई, ऐकू येतंय ना, असं मी विचारणार तेवढ्यात त्या बोलल्या.

"माझं नाव काढलं का त्यांनी?"

"हो."

"काय म्हणाले?"

"तिला आण म्हणाले."

"किती वेळ आहे?"

मी भिंतीला टेकले. "दुपारपर्यंत, आई. नंतर बोलता येणार नाही."

"मग तूच गाडी पाठव," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता, पण हलला नव्हता. "तुझी नणंद गाडी चालवायच्या अवस्थेत नाही. सकाळपासून नळ सोडून बाथरूममध्ये रडतेय आणि बाहेर येऊन मला हसून वाढतेय. मला काही कळलंय हे तिला सांगू नकोस. नाहीतर तिलाच सावरत बसावं लागेल, तेवढा वेळ नाही. मी तिला म्हणते, मला आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जायचंय, नाही नेलंस तर जेवत नाही."

कंट्रोलमध्ये माझ्या जागी बसलेल्या मैत्रिणीला सांगितलं. ताईंच्या गावाजवळ आमची एकच गाडी मोकळी होती, रॉकेटची. या ड्रायव्हरला रॉकेट म्हणतात कारण हा चाळिशीच्या वर गाडी नेत नाही. मी डोक्याला हात लावला. मैत्रीण म्हणाली, दुसरी गाडी तासाने मिळेल, घेऊ का हीच? घे म्हटलं. त्याला सांग, आज नाव कमाव.

आत अण्णांच्या पलंगाशेजारच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा सकाळपेक्षा खाली आला होता. डॉक्टरबाईंना मी गाडी निघाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, थांबायचा प्रयत्न करीन, पण अमुक आकड्याच्या खाली गेले तर मी कोणासाठीही थांबणार नाही. बरोबर होतं त्यांचं. मला त्यांचा राग आला तरी बरोबरच होतं.

मग मी माझं रोजचं काम सुरू केलं. बाहेर यायचं, फोन घ्यायचा, मैत्रिणीला गाडी कुठे आहे विचारायचं, फोन लॉकरमध्ये टाकायचा, हात धुवायचे, आत जायचं आणि अण्णांना सांगायचं. नर्स पहिल्यांदा कुरकुरली, मग तिने दार माझ्यासाठी नुसतंच लोटून ठेवलं. पहिल्या फेरीला माझ्या तोंडाशी आलं होतं, 'येतातच आहेत आई.' माणूस श्वासाला महाग झालेला, त्याला थोडा धीर दिला तर काय बिघडतं. पण त्यांना तो श्वास पुरवून वापरायचा होता, हे मला दिसत होतं. किती पुरवायचा ते कळल्याशिवाय कसा पुरवणार?

"अण्णा, आत्ताशी गावाबाहेर पडल्यात. अजून दोन तास तरी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, मी माणूस हातचा घालवला. पण त्यांनी डोळे उघडले, मान हलवली आणि पडद्याकडे बघणं सोडून समोरच्या दाराकडे बघायला लागले.

पुढच्या फेरीला गाडी टोलनाक्यावर रांगेत होती. तेही सांगितलं. त्याच्या पुढच्या फेरीला मोठ्या पुलावर. अण्णांनी भुवया उडवून काहीतरी विचारलं, मला कळेना. मग मास्कमधून दोन श्वासांत एकेक तुकडा आला, "कोण... चालवतोय?"

"रॉकेट," मी म्हटलं.

अण्णांना हसू आलं. माझ्या तोंडून रॉकेटच्या तक्रारी त्यांनी कित्येकदा ऐकल्या होत्या. हसण्याने श्वास अडकला, यंत्र कोकलायला लागलं, नर्स धावली, डॉक्टरबाई धावल्या आणि मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून मला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. मी त्यांना हसवून मारलं, असं माझ्या मनात आलं. यंत्राचा आवाज थांबला तेव्हा डॉक्टरबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हाताने विचारलं, कुठवर? मी बोटांनी दहा मिनिटं दाखवली. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

रॉकेटने नाव कमावलं नाही. तो आपल्याच गतीने आला, पण आला. लिफ्टचं दार उघडलं आणि आधी आईंची चाकांची खुर्ची दिसली, मागे ताई. ताईंचं तोंड लाल आणि सुजलेलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. ताईंनी खुर्चीचे दांडे सोडले, माझ्या गळ्यात पडल्या आणि आईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "कुठे ठेवलंय त्यांना?"

"आत, खिडकीजवळच्या पलंगावर," मी म्हटलं. "वाट बघतायत."

एकालाच आत सोडणार होते. नर्सने आईंची खुर्ची माझ्या हातातून घेतली. दार उघडलं तेव्हा अण्णांनी हात वर केला, जेमतेम कोपरापर्यंत. तो हात ताईंनी काचेतून पाहिला. त्या भिंतीवरून घसरत जमिनीवर बसल्या. सगळ्या रस्ताभर त्यांनी ज्या माणसासाठी अश्रू गिळले होते तो तिथे हात हलवत होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मला सांगितलं का नाहीस तू?"

तीनदा सांगितलं होतं. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मी त्यांच्याशेजारी खाली बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी उठून काचेशी जायचा प्रयत्न केला, तर पाय साथ देईनात. मग मीच उठून आतलं एकेक सांगत राहिले. आई त्यांच्या केसांवरून हात फिरवतायत. अण्णा काहीतरी बोलतायत. आई मास्कला कान लावून ऐकतायत. आता आई बोलतायत. अण्णांनी दाराकडे बघितलं, ताई, तुमच्याकडेच बघतायत, हात करा. ताईंनी खाली बसल्याबसल्याच हात केला. काचेतून तो अण्णांना दिसला नसणार, पण अण्णांनी पुन्हा कोपरापर्यंत हात उचलला.

मग डॉक्टरबाई पलंगापाशी आल्या, आईंशी वाकून बोलल्या, आणि नर्सने पडदा ओढला.

आईंची खुर्ची बाहेर आली. त्यांच्या मांडीवर अण्णांचा चष्मा होता, दोन्ही हातांनी धरलेला. ताई गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापाशी गेल्या.

"काय म्हणाले गं?"

"काही नाही," आई म्हणाल्या. "म्हणाले, जरा पडतो. संध्याकाळपर्यंत घरी येतो." त्यांनी चष्म्याची काडी मिटली, पुन्हा उघडली. "उशीर झाला तर जेवायला थांबू नकोस म्हणाले."

ताईंनी आईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. कंट्रोल रूममध्ये असा निरोप आला असता तर मी उलटून दहा प्रश्न विचारले असते. इथे मला एकही विचारायचा नव्हता. मी खुर्चीचे ब्रेक लावले आणि त्यांच्या पायाशी बसले.